मदत हवी आहे: ड्रॉप-बार सायकलला डिस्क ब्रेकसाठी टीआरपी कंपनीचे स्पायर घ्यावेत की एचवाय/आरडी?

नमस्कार मंडळी,

सायकल ड्रॉप-बारची (खाली वळलेल्या हँडलची), टायर 700×40, ब्रेक बसवायची सोय पोस्ट माउंट प्रकारची, दोन्हीकडे 160 मिमी रोटर (ब्रेकची चकती). सध्याचे कॅलिपर (पॅड रोटरवर दाबणारा भाग) केबलचे, एका पिस्टनचे, म्हणजे एकच पॅड सरकणारे. बॅगांसकट एकूण वजन 100 किलोच्या वर. पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरताना ब्रेकची लिव्हर पार हँडलबारला टेकते. कारण उघड आहे: चिखलपाण्यात पॅड भराभर झिजतात, आणि आतला स्थिर पॅड हाताने पुढे आणला नाही की रोटर वाकून त्यावर दाबला जातो.

टीआरपी स्पायरमध्ये दोन्ही पॅड सरकतात, 3 मिमी ॲलन कीने दोन्ही बाजू जुळवता येतात. एचवाय/आरडी केबलने ओढायचा पण आतून हायड्रॉलिक; तेल कॅलिपरमध्येच असतं, पॅडची झीज तो स्वतः भरून काढतो. पण केबल ताणून बसवली तर कॅलिपरवरचा लिव्हर आर्म पूर्ण मागे येत नाही, तेलाचा मार्ग बंद राहतो आणि ब्रेक हळूहळू ढिला पडतो. एमटीबीचे (माउंटन बाइकचे) बीबी7 हे केबल कॅलिपर बाद, कारण ड्रॉप-बार लिव्हर तेवढी केबल ओढत नाही.

न दबणारी आउटर केबल (केबलचं बाहेरचं आवरण) टाकणारच आहे. ती नसेल तर महाग कॅलिपरही स्पंजासारखा लागतो. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅडही हवेत, पण माझ्या रोटरवर 'रेझिन पॅड ओन्ली' (फक्त रेझिनचे पॅड वापरा) असं कोरलंय, म्हणजे रोटरही बदलणं आलं.

एचवाय/आरडी चिखलात किती टिकतो? की आउटर आणि स्पायर एवढ्यावर भागेल? फोर्कला 180 मिमी रोटर चालत असेल तर पुढे फरक जाणवण्याइतका पडतो का? घाटात सामानासह वापरलेल्यांनी कृपया सांगा.