छोट्या प्रमाणावर क्रीम-लोशन बनवण्यासाठी उपकरणे घेताना पैसा आधी कशावर खर्च करावा?

प्रश्न : लेपप्रयोगी
गेले वर्षभर मी स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर भागवून २०० ग्रॅमच्या बॅचमध्ये क्रीम आणि फेसवॉश बनवते आहे. कृती तीच असूनही एक बॅच घट्ट होते, दुसरी पातळ राहते आणि मागच्या महिन्यातली एक तर आठवड्याभरातच फुटली, म्हणजे तिच्यातले तेल आणि पाणी वेगळे झाले. आता थोडी रक्कम बाजूला काढली असून होमोजिनायझर (तेल आणि पाणी अतिवेगाने घुसळून एकजीव करणारे यंत्र) घ्यावा असा विचार आहे. सध्या माझ्याकडे एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, पीएचच्या (आम्लता मोजणाऱ्या) पट्ट्या आणि हँड ब्लेंडर एवढेच आहे. होमोजिनायझरने हा प्रश्न सुटेल, की आधी दुसरे काही घ्यावे?

उत्तर : जुना रसायनी
होमोजिनायझर सध्या राहू द्या. आपल्या तक्रारीचे मूळ बहुधा वजनकाट्यात आहे. २०० ग्रॅमच्या बॅचमध्ये ०.५ टक्के परिरक्षक (जंतूंची वाढ रोखणारा घटक) म्हणजे बरोबर १ ग्रॅम. आपला काटा १ दाखवतो तेव्हा भांड्यात अर्धा ग्रॅमही असू शकतो आणि जवळजवळ दीडही. मिश्रण दाट करणारा झँथन गम ०.२ टक्के घालायचा असेल तर तो ०.४ ग्रॅम होतो आणि तो या काट्याला दिसणारच नाही. एक बॅच घट्ट आणि दुसरी पातळ होण्यामागे हेच असावे. म्हणून ०.०१ ग्रॅम लघुतम मापाचा काटा घ्या. पाणी आणि तेलासाठी जुना काटा चालू ठेवा, कारण एवढ्या बारीक मापाचे स्वस्त काटे सहसा फार वजन पेलत नाहीत.

काटा घेताना एक परीक्षा जरूर करून पाहा. काट्यावर वाटी ठेवून तो शून्यावर आणा आणि ड्रॉपरने अगदी सावकाश, थेंबाथेंबाने पाणी सोडा. काही स्वस्त काटे आपोआप शून्य राखत असल्यामुळे हे थेंब ‘गिळून’ टाकतात. वाटीत पाच-सहा थेंब पडलेले असतात आणि पडद्यावर शून्यच दिसत राहते. मी याच कारणाने एकदा सुगंधी तेल दुप्पट घातले होते. असा काटा गळ्यात पडलाच तर वाटी ठेवल्यावर तो शून्यावर न आणता वाटीचे वजन लिहून ठेवावे आणि शेवटी वजाबाकी करावी.

त्यानंतरचा खर्च पीएच मीटरवर. सोडियम बेंझोएटसारखे परिरक्षक आम्लधर्मी मिश्रणातच नीट काम करते आणि पीएच ५ च्या वर गेला की त्याचा जोर झपाट्याने कमी होतो. पट्टीवरच्या रंगावरून ४.८ आणि ५.५ यांतला फरक ओळखणे कठीण जाते. मीटरसोबत ४ आणि ७ पीएचचे बफर (मीटर जुळवून घेण्यासाठीची ठरावीक पीएचची द्रावणे) घ्या आणि त्याचा इलेक्ट्रोड (मोजणारी काचेची कांडी) पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा, डिस्टिल्ड पाण्यात कधीही नको. क्रीममध्ये तो थेट बुडवू नये. एक भाग क्रीम नऊ भाग डिस्टिल्ड पाण्यात कालवून मोजावे, नाहीतर काचेच्या टोकावर तेलाचा थर बसतो आणि आकडे भरकटू लागतात.

उत्तर : बीकरवाली
वजनाचा मुद्दा मान्य आहे, पण क्रीम फुटण्याचे खापर केवळ काट्यावर फोडता येणार नाही. तेलाचा आणि पाण्याचा भाग एकत्र करताना दोन्हींचे तापमान आपण मोजता का? दोन्ही ७० ते ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास असावेत. एक गरम आणि दुसरा कोमट असेल तर मेण मध्येच गोठते. त्यासाठी टोक आत बुडवता येणारा डिजिटल थर्मामीटर पुरतो. लांबून मोजणारा इन्फ्रारेड घेऊ नका, तो फक्त पृष्ठभागाचे तापमान सांगतो.

बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या) काचेचे बीकर जरूर घ्या, मात्र तापवण्यासाठी वेगळा वॉटर बाथ नको, पातेल्यातले गरम पाणी तेच काम करते. बीकर तापवण्याआधी आणि नंतर तोलून, वाफ होऊन गेलेले पाणी भरून काढत जा.

ढवळण्याच्या बाबतीत मी मॅग्नेटिक स्टररवर (खालच्या चुंबकाने भांड्यातली कांडी फिरवणाऱ्या यंत्रावर) पैसे घालवून बसले आहे. पातळ द्रावणात तो छान फिरतो, पण क्रीम घट्ट होऊ लागले की आतली कांडी जागच्या जागी थरथरत राहते. आपला हँड ब्लेंडर चांगला आहे. फक्त उंच, अरुंद भांडे वापरा, म्हणजे पाते पूर्ण बुडेल आणि हवा आत ओढली जाणार नाही.

उत्तर : जुना रसायनी
तापमानाचे मी विसरलोच होतो, बरे झाले आपण आठवण केलीत. पुढे बॅच मोठी झाली तर ओव्हरहेड स्टरर (वरून दांडा सोडून ढवळणारे यंत्र) वापरलेला घेतला तरी चालतो, फक्त तो चालवून दांडा डगमगत नाही ना हे पाहावे. इलेक्ट्रोड मात्र वापरलेला कधीही घेऊ नये, कारण तो नुसता पडून राहिला तरी जुना होतो.

लेपप्रयोगी
दोघांचेही मनापासून आभार. तापमान मी आजवर भांड्याला बाहेरून हात लावून ठरवत होते, हे लिहितानाच संकोच वाटतो. काटा आणि थर्मामीटर लगेच घेते, मीटर पुढच्या महिन्यात. तोवर त्याच कृतीच्या दोन बॅच तोलूनमापून बनवते आणि त्या फुटतात का ते इथेच कळवते.