दंडाची ‘जरब’ की दंडाचा ‘वचक’?

पथारीवाला (नंदुरबार): एक वाक्य अडलंय. ‘दंड वाढवला तर भेसळ करणाऱ्यांना ___ बसेल.’ जरब, वचक, धाक, चाप? ‘आळा बसेल’ नको, रोज पेपरात वाचून कंटाळा आलाय.

तापीकाठ: आळा भेसळीला बसतो, माणसाला नाही. तुमच्या वाक्यात जरबच. मूळ अरबी, अर्थ फटका. फटका एकदा बसतो, तशी जरब.

अमळनेरकर: वचक का नको?

तापीकाठ: भाऊ, वचकाला ‘कोणाचा’ लागतं. मास्तरांचा वचक, फौजदाराचा वचक. ‘शिक्षेची जरब’ खपतं, ‘दंडाचा वचक’ कानाला खटकतं. आकड्याचा वचक नसतो, येणाऱ्या माणसाचा असतो.

आमच्या गल्लीतल्या डेअरीचंच बघा. तपासणी झाली तेव्हा आठ दिवस पोऱ्यांच्या डोक्यावर टोप्या, खव्यावर जाळी, फरशी लख्ख. दंड किती झाला हे कोणी विचारलंही नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘साहेब परत कधी येतील?’ साहेब आले नाहीत. टोप्या खिळ्याला लटकल्या त्या लटकल्याच.

आणि शिक्षा काय कमी आहे? 2006 चा अन्न सुरक्षा कायदा, 2011 पासून लागू. असुरक्षित अन्नाने जीव गेला तर किमान 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, शिवाय दंड 10 लाखांच्या खाली नाही. घाणीत पदार्थ केला तर 1 लाखापर्यंत. या ‘पर्यंत’वर खरं तर वेगळा धागा काढायला हवा. ऐकणाऱ्याला लाख ऐकू येतो, भरणाऱ्याला ‘पर्यंत’.

अमळनेरकर: ‘वचक बसवणे’ही म्हणतात बरं का.

तापीकाठ: म्हणतात. पण पुढे तो ठेवावा लागतो. ‘जरब ठेवली’पेक्षा ‘वचक ठेवला’ सहज येतं की नाही?

पथारीवाला: पटलं. आमची आजी ना जरब म्हणायची ना वचक. आमच्याकडे ळ चा य होतो, त्यामुळे भेसळीची ‘भेसय’. विकतच्या तिखटाची चिमूट पाण्याच्या ग्लासात सोडायची, लगेच रंगाची रेघ खाली उतरली की म्हणे, ‘मिरचीमा भेसय शे’, आणि पुडी परत. दुकानदार तिला लांबून बघूनच दुसरा डबा उघडायचा.

अमळनेरकर: हा आजीचा वचक!

पथारीवाला: मग असं लिहितो, ‘दंड वाढवला तर जरब बसेल, वचक राहीलच असं नाही.’

तापीकाठ: चालेल. फक्त वचक पुल्लिंगी. मागच्या धाग्यात तुम्ही ‘वचक राहिली’ लिहिलं होतं.