दीड महिना, चार देश, पाठीवर एक सॅक

प्रश्न: नोव्हेंबरात बँकॉकहून लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया. आम्ही दोघी, माणशी दीड लाख, विमान धरून. पुरतील?

सह्यवेडा: पुरतील, पण रोज गाव बदललंत तर नाही. लाओसमध्ये हुआय साय ते लुआंग प्रबांग बोटीनेच जा. मेकाँगवर दोन दिवस, रात्री पाकबेंगला मुक्काम. मी सॅक उशाला घेऊन चिकट भातावर घरची शेंगदाण्याची चटणी खात गेलो. व्हिएतनामचा ई-व्हिसा एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदाचा ५०. कंबोडियाहून पुन्हा हनोईला यायचं असेल तर अनेकदाचाच काढा. मी २५ वाचवायला गेलो नि सीमेवर हात चोळत बसलो.

प्रश्नकर्ती: बाप रे! मैत्रीण शाकाहारी आहे, तिचं काय?

सह्यवेडा: व्हिएतनामात ‘चाय’ म्हणा. चहा नव्हे, शाकाहारी! नुसती भाजी मागितलीत तर फिश सॉस पडतोच.