स्लिम लॅपटॉप भयंकर तापतोय, दुपारी तर रांगतोच – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी अकोल्यात असते. घरूनच काही दुकानदारांचे हिशेब बघते. टॅली, एक्सेल, जीएसटीचं पोर्टल आणि अधूनमधून व्हिडिओ कॉल, एवढंच काम. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही.

लॅपटॉप २०१९ चा, स्लिम प्रकारातला. आय-५ ८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम (बोर्डालाच सोल्डर केलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही), २५६ जीबी एसएसडी, विंडोज १०. चार्जर दिवसभर लावलेलाच असतो.

सकाळी झकास चालतो. ऊन चढलं की पंखा थांबायचं नाव घेत नाही, कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेववत नाही आणि एक्सेलमध्ये साधा सेल बदलायचा तरी गोल चक्र फिरत बसतं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वापर ३०-४० टक्केच दिसतो, पण वेग ०.७-०.८ गिगाहर्ट्झवर अडकलेला. सकाळी हाच आकडा ३ च्या वर असतो.

सुरुवातीला आपोआप उघडणारे प्रोग्राम बंद केले, जास्तीचा अँटीव्हायरस काढला, कूलिंग पॅड आणला. विशेष फरक नाही. एक दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा, दुसरा म्हणतो आता नवाच घ्या ताई. हल्ली टचपॅडही डाव्या बाजूला नीट दबत नाही, पण माऊस आहे म्हणून भागतं.

फॉरमॅटने खरंच काही होईल का? थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारा लेप) बदलावी का? २० तारखेच्या आत सगळ्यांची ३बी (जीएसटीची विवरणपत्रं) भरायची आहेत, त्यामुळे लॅपटॉप फार दिवस दुकानात ठेवता येणार नाही.

– हिशेबवही

पेचकस:
फॉरमॅट मारू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे. या प्रोसेसरचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, टर्बोमध्ये, म्हणजे गरजेपुरता आपोआप वाढतो तेव्हा, ३.४ पर्यंत. वापर निम्माही नाही आणि वेग मूळ वेगाच्याही खाली, म्हणजे कामाचा भार हे कारण नाही. चिप १०० अंशांच्या आसपास पोचली की स्वतःला वाचवायला वेग पाडते. सोप्या भाषेत, तुमचा लॅपटॉप मंद आहे म्हणून तापत नाहीये, तापतोय म्हणून मंद होतोय. विंडोज नव्याने टाकून जाळीतली धूळ निघत नाही.

स्लिम लॅपटॉपमध्ये एकच छोटा पंखा आणि बारीक पट्ट्यांची जाळी असते. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीचा नमदा तयार होतो. तो बाहेरून दिसत नाही आणि कूलिंग पॅडने हलतही नाही. त्यात बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवायचे म्हणून बनवलेले असतात, आणि मे महिन्यातलं अकोलं तुम्हाला मी काय सांगणार!

एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम टाका, त्यात फक्त सेन्सर्स उघडा. वेग पडलेला असताना तापमान ९५ च्या पुढे आणि 'थर्मल थ्रॉटलिंग' (उष्णतेमुळे वेग पाडणं) यासमोर 'येस' असेल तर धूळ आणि पेस्ट. तापमान ५०-६० असूनही वेग पडलेलाच असेल तर भानगड वेगळी. मग चार्जर किंवा एखादा सेन्सर बघावा लागेल.

वऱ्हाडी ठेचा:
तोवर एक जुगाड. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, त्यात मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करा. टर्बो बंद होतो, उष्णता बरीच घटते. टॅलीला १.६ म्हणजे रग्गड. काही मशीनवर हा पर्याय लपवलेला असतो, तिथे नाइलाज. अन् कूलरच्या खोलीत बसा, पण थेट झोतात ठेवू नका. पाण्याचे तुषार आत जातात.

निळीशाई:
थांबा जरा. सगळे पंख्यावर बोलताहेत, पण टचपॅड दबत नाही हे वाक्य कुणी वाचलं का? स्लिम लॅपटॉपमध्ये बॅटरी बरोबर टचपॅडच्या खाली असते. २०१९ ची बॅटरी, कायम १०० टक्के चार्ज आणि वर ही उष्णता. फुगली असण्याची दाट शक्यता आहे. लॅपटॉप बंद करून सपाट फरशीवर ठेवा आणि कोपरे दाबून बघा. डुगडुगला किंवा टचपॅडजवळची फट रुंद दिसली तर चार्जिंग लगेच थांबवा. पेस्ट वगैरे नंतर.

हिशेबवही:
तापमान ९७-९८, थर्मल थ्रॉटलिंग येस. आणि हो, फरशीवर डुगडुगतोय. खालचं झाकण मधोमध किंचित वर आलंय, आजवर लक्षच गेलं नव्हतं. आता भीती वाटतेय. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर २० तारखेपर्यंत चालवू का?

पेचकस:
निळीशाई, मानलं. माझ्या नजरेतून सुटलं होतं.

ताई, घरी उघडू नका. बॅटरी बऱ्याचदा चिकटपट्टीने बसवलेली असते. फुगलेली बॅटरी उचकटताना टोक घुसलं तर पेट घेऊ शकते. आणि बॅटरीशिवाय बरेच लॅपटॉप मुद्दाम कमी वेगाने चालतात, म्हणजे तुमचं दुखणं तिथेच राहील. शिल्लक चार्जवर टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, विंडोजचं एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप) चालू असेल तर ते उघडायची रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि मशीन बंद करा. ३बी पोर्टलवरच भरायचं आहे, ते दुसऱ्या कुठल्याही मशीनवरून भरता येईल.

दुकानात एकाच वेळी तिन्ही कामं करून घ्या: बॅटरी, जाळीची सफाई, पेस्ट. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा म्हणावं, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंग जातं. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, दुकानदाराला परत घ्यायला सांगा.

नवा घ्यायची गरज मला तरी दिसत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, पण तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो.

हिशेबवही:
बॅकअप झाला, मशीन बंद केलं. नवीन बॅटरी बसली की चार्जर दिवसभर लावला तर चालेल ना? आमच्याकडे लाइटचा भरवसा नसतो.

निळीशाई:
चालेल, फक्त कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारं सेटिंग) चार्जिंगची मर्यादा शोधा आणि ८० टक्क्यांवर ठेवा. बॅटरी भरलेली आणि गरम अशी दिवसभर राहिली की लवकर म्हातारी होते. ८० टक्क्यांत लाइट येईपर्यंतचं काम निघून जातं.