घरातील संगणकांना कोणती नावे द्यावीत? कोल्हापुरी सूचना हव्या आहेत

सातवी गल्ली:

नमस्कार. राजारामपुरीतील आमच्या घरात सध्या पाच संगणक नांदत आहेत. प्रिंटर जोडलेला वडिलांचा टेबलावरचा संगणक, माझा आणि पत्नीचा असे दोन लॅपटॉप, पुतण्याला प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठी दिलेला लिनक्सवर चालणारा एक जुना लॅपटॉप, आणि माळ्यावर राउटरशेजारी ठेवलेला रास्पबेरी पाय नावाचा एक चिमुकला संगणक, ज्याला ना पडदा आहे ना कीबोर्ड. याशिवाय सगळ्यांचे फोटो आणि कागदपत्रे साठवणारी एक नेटवर्क डिस्क आहे. अडचण अशी की यांपैकी तिघांची नावे ‘डेस्कटॉप’ या शब्दाने सुरू होतात आणि पुढे अर्थहीन अक्षरे व अंक येतात; त्यातही त्या तिघांपैकी दोन प्रत्यक्षात लॅपटॉप आहेत! राउटरच्या यादीत कोण कोणता हे ओळखायचे झाल्यास एकेक यंत्र बंद करून पाहावे लागते.

सर्वांना नव्याने नावे द्यावीत असे घरात एकमताने ठरले असले, तरी नावांवर मात्र एकमत होत नाही. वडिलांना देवादिकांची नावे हवी आहेत, पुतण्याला अंतराळयानांची. माझी अट एवढीच आहे की नावे इथली असावीत आणि आईला फोनवर सहज सांगता यावीत. दुसरा प्रश्न पत्नीचा आहे. तिला वायफायचे नाव देवनागरीत ‘तांबडा पांढरा’ असे ठेवायचे होते, परंतु राउटरने ते नाव अवैध ठरवले. ‘रंकाळा’ हे नाव मात्र त्याने निमूटपणे स्वीकारले. राउटरचे रश्श्याशी काय वैर असावे?

उद्यमनगर:

आधी त्या अर्थहीन नावांविषयी. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्या संगणकाला आपणहून नाव देताना ‘डेस्कटॉप’ हा शब्द, एक जोडरेघ आणि सात यादृच्छिक चिन्हे एकत्र करतात. यंत्र लॅपटॉप असले तरी अनेकदा हेच नाव त्याला चिकटते. हे नाव रोमन लिपीत मोजल्यास बरोबर १५ चिन्हांचे भरते, कारण नेटबायॉस या जुन्या पद्धतीत संगणकाचे नाव १५ चिन्हांपेक्षा मोठे चालत नसे आणि ती मर्यादा आजही पाळली जाते.

नामकरण हा विषय थट्टेचा वाटला, तरी इंटरनेटच्या मानकांच्या दप्तरात त्यावर स्वतंत्र दस्तऐवज आहे. ऑगस्ट १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला आरएफसी ११७८ हा केवळ ‘संगणकाला नाव कसे निवडावे’ याच विषयाला वाहिलेला असून, त्यातील सल्ला आजही जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. रोजच्या बोलण्यातला शब्द नाव म्हणून घेऊ नये, असे त्यात बजावले आहे आणि त्यासाठी एका यंत्राचा दाखला दिला आहे. माहितीसाठ्यातले बदल, म्हणजे अपडेट, स्वीकारणारे ते एकमेव यंत्र असल्यामुळे त्याचे नाव ‘अप’ ठेवले होते, आणि मग ‘अप डाउन आहे का?’ असे संवाद तेथे रंगू लागले. नाव फार लांब नसावे, स्वतःचे नाव यंत्राला देऊ नये, ज्याचे स्पेलिंग दोन-तीन प्रकारे होऊ शकते असे नाव टाळावे आणि सर्व नावे एकाच कुळातली असावीत, या सूचनाही त्याच दस्तऐवजातल्या.

स्पेलिंगची सूचना आपल्याला विशेष लागू पडते. नेटवर्कवरील यंत्राच्या नावात परंपरेने केवळ रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ चालते, त्यामुळे नाव मराठी असले तरी ते लिहावे लागणार रोमन लिपीत. ज्या डोंगरावरच्या देवाचे नाव देवनागरीत ‘जोतिबा’ लिहावे की ‘ज्योतिबा’ यावरही दोन पक्ष आहेत, ते नाव रोमनमध्ये घरातले चौघे चार प्रकारे टंकतील. वडिलांना देवांच्या नावांपासून परावृत्त करण्यासाठी एवढे कारण पुरले नाही, तर ‘अंबाबाई प्रतिसाद देत नाही’ असा संदेश पडद्यावर आल्यास त्यांना कसे वाटेल, हे नम्रपणे विचारून पाहा.

एक व्यावहारिक सूचना. प्रिंटर वडिलांच्या संगणकावरून सामायिक केलेला असल्यास, त्या संगणकाचे नाव बदलताच इतर यंत्रांवरून तो दिसेनासा होईल आणि नव्या नावाने पुन्हा जोडावा लागेल. त्यामुळे नाव एकदाच, पूर्ण विचारांती बदलावे. सुट्टीचा दिवस निवडणे श्रेयस्कर.

प्रयाग चिखली:

पाच यंत्रे आहेत असे वाचताच उत्तर डोळ्यांसमोर उभे राहिले. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती! या पाच नद्या मिळून आपली पंचगंगा होते असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यांतील पहिल्या चार नद्या कोणालाही दाखवता येतात, तर सरस्वती गुप्त मानली जाते. तुमच्या घरात पडदा नसलेले, माळ्यावर अदृश्य राहून काम करणारे जे यंत्र आहे, त्याला सरस्वतीशिवाय दुसरे नाव शोभणार नाही.

ही योजना पुढेही नेता येते. पाचही यंत्रांची माहिती ज्या ठिकाणी एकत्र येते त्या राउटरला ‘पंचगंगा’ म्हणावे. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते, म्हणून घरातला प्रवाह बाहेरच्या मोठ्या प्रवाहात सोडणाऱ्या मोडेमला ‘वाडी’ हे सुटसुटीत नाव द्यावे. साठवणाऱ्या डिस्कसाठी तर ‘राधानगरी’ हे नाव जणू राखूनच ठेवलेले आहे. ते धरण भोगावतीवरच आहे आणि पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. डिस्क भरत आल्यावर जुन्या तात्पुरत्या फाइली आपोआप पुसणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली की साम्य पूर्ण होईल.

वरील उत्तरातील स्पेलिंगची कसोटी लावल्यास तुळशीबाबत थोडी अडचण संभवते. ते नाव पुतण्याला द्यावे, तो काय ते पाहून घेईल.

शुक्रवार पेठ:

नद्यांची कल्पना मनापासून आवडली, परंतु राधानगरीला माझा ठाम विरोध आहे. साठवणीच्या डिस्का भरत आल्या की ईमेल किंवा फोनवर सूचना पाठवतात. जुलै महिन्यात, बाहेर पाऊस कोसळत असताना, घरच्या ग्रुपवर ‘राधानगरी ९८ टक्के भरले’ आणि त्यामागोमाग ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ असे संदेश येऊन पडले, तर आमच्यासारख्या नदीकाठच्या पेठेतले नातेवाईक पहिल्या संदेशालाच गाद्या वरच्या मजल्यावर हलवू लागतील. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी हे आकडे या शहरात लहान मुलांनाही पाठ आहेत, आणि २०१९ चा महापूर पाहिल्यानंतर ते कोणी गमतीने घेत नाही. रोजच्या बोलण्यातला शब्द यंत्राला देऊ नये हा नियम परदेशी लोकांनी ‘अप’सारख्या शब्दांसाठी लिहिला असेल, पण पावसाळ्यातल्या कोल्हापूरला तो अधिक लागू आहे.

राउटरला ‘पंचगंगा’ म्हणण्यास हरकत नाही, कारण राउटर भरत नाही. डिस्कसाठी मात्र ‘कळंबा’ सुचवतो. तोही तलावच आहे, नाव छोटे आहे आणि तो भरल्याची बातमी ऐकून माणसे घाबरत नाहीत, उलट पाहायला जातात.

जाता जाता, स्क्रिप्टांना नावे द्यायची असल्यास तालमीकडे वळावे. अडकलेला प्रोग्रॅम बळजबरीने बंद करणाऱ्या आमच्या घरच्या स्क्रिप्टचे नाव ‘धोबीपछाड’ असे आहे.

गंगावेश ते हिंजवडी:

मी व्यवसायाने क्लाउडवरील सर्व्हर सांभाळतो आणि आमच्याकडे नामकरण हा प्रकारच मोडीत निघाला आहे. सर्व्हर हे पाळीव प्राण्यांसारखे नसून गुरांसारखे असावेत, असे एक वचन आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. पाळीव प्राण्याला नाव असते आणि तो आजारी पडला की आपण त्याची शुश्रूषा करतो. गुरांना मात्र केवळ क्रमांक असतात आणि एखादे निकामी झाले तर त्याच्या जागी दुसरे आणायचे, असा त्याचा अर्थ.

हे वचन रचणाऱ्याने कोल्हापूर पाहिलेले नसावे. दिवाळीच्या पाडव्याला शिंगे रंगवून, गळ्यात माळा घालून सजवलेल्या म्हशी ज्या गावात मिरवल्या जातात आणि जिथे कट्ट्यावर दूध प्यायला येणारा माणूस अमक्याच म्हशीचे दूध हवे म्हणून अडून बसतो, तेथे गुरे म्हणजे क्रमांक हे कोणाला पटवायचे? त्यामुळे पाच यंत्रांच्या घरात खुशाल नावे द्या. पन्नास झाली की क्रमांकांचा विचार करू.

‘कळंबा’ या नावाबाबत मात्र एक गोष्ट लक्षात आणून देतो. कोल्हापुरात ‘तो कळंब्याला गेला’ असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला तलाव आठवत नाही, कारागृह आठवते.

दोन शिट्ट्या:

वायफायच्या प्रश्नाचे उत्तर राहून गेलेले दिसते. राउटरचे रश्श्याशी वैर नाही, त्याचे भांडे लहान आहे. वायफायच्या मानकानुसार नेटवर्कच्या नावासाठी जास्तीत जास्त ३२ बाइट मिळतात. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, त्यामुळे इंग्रजी नावांना ही जागा ऐसपैस होते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि येथे चिन्ह म्हणजे केवळ अक्षर नव्हे, तर काना, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार हे प्रत्येकी वेगळे मोजले जातात. ‘रंकाळा’ या नावात अनुस्वार आणि दोन काने धरून सहा चिन्हे होतात, म्हणजे १८ बाइट. ‘तांबडा’ आणि ‘पांढरा’ या दोन्हींतही सहा-सहाच चिन्हे आहेत, परंतु दोन्ही मिळून ३६ आणि मधल्या रिकाम्या जागेचा एक असे ३७ बाइट होतात. पाच बाइटांनी रस्सा भांड्याबाहेर गेला.

यावर उपाय साधा आहे आणि तो मूळ कल्पनेहून चांगला आहे. आपला राउटर रेडिओलहरींच्या दोन पट्ट्यांवर चालणारा असेल, तर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देण्याची सोय बंद करून त्यांना वेगवेगळी नावे द्यावीत: २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीला ‘तांबडा’ आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्टीला ‘पांढरा’. २.४ ची पट्टी तुलनेने संथ, पण भिंतींतून दूरवर पोहोचणारी. ५ ची पट्टी वेगवान, पण दोन जाड भिंती मध्ये आल्या की दम सोडणारी. कोणता कोणाला मानवतो हे घरातल्या प्रत्येकाने आपापल्या खोलीत बसून ठरवावे.

तरीही दोन इशारे देणे आवश्यक आहे. बऱ्याच प्रिंटरांच्या आणि स्मार्ट प्लगसारख्या उपकरणांच्या छोट्या मेंदूला देवनागरी नाव वाचता येत नाही, आणि यातील बहुतेकांना २.४ चीच पट्टी लागते. म्हणून ‘तांबडा’ रोमन लिपीत लिहिण्याची वेळ येऊ शकते. दुसरे असे की अँड्रॉइड १० पासूनचे फोन सहसा प्रत्येक वायफाय नावासाठी वेगळा, बनवलेला मॅक पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा क्रमांक) वापरतात. राउटरमध्ये फोनांसाठी पत्ते राखून ठेवले असल्यास, वायफायचे नाव बदलल्यावर ते सारे राखीव पत्ते नव्याने भरावे लागतील.

सातवी गल्ली:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निर्णय पुढीलप्रमाणे झाले आहेत. वडिलांचा संगणक भोगावती, माझा लॅपटॉप कासारी, पत्नीचा कुंभी आणि माळ्यावरची सरस्वती. पुतण्याने तुळशी स्वीकारली असून आपल्या स्क्रिप्टांना अंतराळयानांची नावे देण्याची मुभा त्याने बदल्यात मिळवली आहे. अंबाबाईच्या नावाबाबत वडिलांना प्रश्न विचारावा लागलाच नाही. ‘प्रतिसाद देत नाही’ हे वाक्य वाचून दाखवताच त्यांनी स्वतःहून सूचना मागे घेतली.

डिस्कचे नाव ‘कळंबा’ हेच कायम केले आहे. कारागृहाची आठवण करून दिल्यानंतर बैठकीत थोडी चलबिचल झाली खरी, परंतु आत गेलेला फोटो कोणाच्याही चुकीच्या क्लिकमुळे बाहेर पडू नये, हेच तर बॅकअपकडून अपेक्षित असल्यामुळे ठराव मंजूर झाला. मूळ फोटो फोनमधून पुसण्याआधी आई आता ‘याला कळंब्याला पाठवला का?’ असे विचारते, आणि शेजारच्या काकू दचकतात.

‘पांढरा’ देवनागरीत व्यवस्थित चालला आहे. ‘तांबडा’ मात्र रोमन लिपीत लिहावा लागला, कारण स्वयंपाकघरातील स्मार्ट प्लगला त्या जागी नुसत्या चौकटी दिसत होत्या. आता एकच वाद उरला आहे. प्रिंटरला नाव द्यावे, की जोपर्यंत तो पहिल्या फटक्यात छापत नाही तोपर्यंत त्याला बिननावाचाच ठेवावा, यावर वडील आणि पुतण्या प्रथमच एका बाजूला आहेत आणि ती बाजू प्रिंटरच्या विरोधातली आहे.