एका माणसात अनेक माणसं: आजार म्हणायचा की स्वभाव?

हळदकट्टा (सांगली): मुद्दा सरळ मांडतो. डॉक्टर 'बहुव्यक्तिमत्त्व विकार' म्हणतात, पण एका माणसाची अनेक रूपं असणं हा आजार नाही, ती माणसाची रीतच आहे. माझे वडील मार्केट यार्डात अडत्यांशी ज्या आवाजात बोलायचे, तो आवाज आमच्या घरानं कधी ऐकला नाही. घरी ते आजीसमोर मान वर करत नसत. कीर्तनाला बसले की तिसरेच. यातलं खोटं कोणतं? विल्यम जेम्सनं 1890 मध्येच लिहून ठेवलंय की जितकी माणसं आपल्याला ओळखतात, तितके आपले सामाजिक 'मी' असतात. आणि आपण तर नाट्यपंढरीचे लोक. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथं सीतास्वयंवर उभं केलं. पलूस तालुक्यातल्या नागठाण्यात जन्मलेले बालगंधर्व आयुष्यभर स्त्रीभूमिका जगले, त्यांना कुणी आजारी म्हटलं नाही. मग डॉक्टरी शिक्का कशाला?

मिरजेची सून: दादा, तुमच्या वडिलांना संध्याकाळी घरी आल्यावर सकाळचा सौदा आठवायचा ना? सगळा फरक तिथं आहे.

माझ्या जावेनं एका महिन्यात भिशी दोनदा भरली. दुसऱ्यांदा पैसे घेऊन गेली तेव्हा भिशीवाल्या काकूंनी वही पुढं केली. सही हिचीच, वळण मात्र लहान मुलीसारखं. ती सहीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "मी आलेच नव्हते." गल्लीत लबाड ठरली. एकदा मिरज स्टेशनवर उभी होती, कशी आली ते सांगता येईना. एकदा माझ्याशी बोलता बोलता आवाज बदलला, मला ओळखलंच नाही आणि भिंतीला पाठ लावून बसली. हे रूप बदलणं नव्हे हो. बालगंधर्वांना रंग उतरवल्यावर आपण कोण ते माहीत असायचं. हिला माहीत नसायचं.

डॉक्टर म्हणाले, अशा बहुतेक रुग्णांच्या लहानपणी सततचा छळ किंवा अत्याचार सापडतो. पोराला घरातून पळता येत नाही, मग मनच आतल्या आत पळवाट काढतं. तिच्या लहानपणाचं मी इथं लिहिणार नाही.

हळदकट्टा: ताई, तुमच्या जावेचं दुःख मी नाकारत नाही. पण या निदानाचा इतिहासही बघा. 1980 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत ते स्वतंत्रपणे आलं, त्यानंतर तिकडं रुग्णांचा पूरच आला. काही उपचारकांनी संमोहनात रुग्णांच्या मनात नको त्या गोष्टी घातल्या, लोक कोर्टात गेले. 1994 मध्ये नावसुद्धा बदलून 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' करावं लागलं. आजही सगळ्या तज्ज्ञांचं एकमत नाही. आणि अनेक 'मी' घेऊन सुखानं जगणारे, उपचार नको म्हणणारे लोकही आहेत. त्यांना जबरदस्तीनं रुग्ण का करायचं?

मिरजेची सून: सुखानं जगणाऱ्याला कुणी रुग्ण करत नाही. त्रास होतोय का, संसार-नोकरी अडतेय का, हे निदानातच बघावं लागतं. काही डॉक्टरांनी चुका केल्या म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

माणदेशी मास्तर: अंगात येण्याचं काय? पौष पौर्णिमेला मांढरदेवीच्या डोंगरावर हलगी वाजली की बायका घुमायला लागतात, वेगळ्या आवाजात बोलतात, नंतर काही आठवत नाही म्हणतात. सून सासूला चार शब्द सुनावते आणि सासू हात जोडून ऐकते. वर्षभर तोंड बंद ठेवणाऱ्या बाईला तेवढी एक जागा मिळते. मला ते आजारपण वाटत नाही. डॉक्टरांचे निकषही सांगतात, की समाजमान्य धार्मिक प्रथेचा भाग असेल तर हे निदान करू नये.

वॉर्डातली ताई (सातारा): मास्तर, जत्रेत एक दिवस घुमून दुसऱ्या दिवशी शेतात जाणारी बाई वेगळी. पण ज्या मुलीच्या अंगात जत्रा नसताना, तिच्या मनाविरुद्ध, आठवड्याला येतं तिचं काय? जागतिक आरोग्य संघटनेची 2022 पासून लागू झालेली यादी तोच फरक करते. आमच्याकडं अशा मुली येतात तेव्हा त्यांच्या अंगावर वळ असतात, मिरचीच्या धुरीनं डोळे सुजलेले असतात. आधी देवऋषी, मग दुसरा देवऋषी, आणि सगळं संपल्यावर दवाखाना. 'प्रथा' म्हणून डोळेझाक करायची सोय या पोरींना परवडत नाही. आपल्या साताऱ्याच्या दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं रान उठवलं, तो त्यांच्या खुनानंतर 2013 मध्ये झाला. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण आणि मिरचीची धुरी, दोन्ही त्यात गुन्हा आहेत. तरीही चालूच आहे. याचा मला संताप येतो.

माणदेशी मास्तर: मारहाणीचं समर्थन कोण करतंय? पण प्रत्येक घुमणारी बाई वॉर्डात न्यायची का, एवढंच विचारतो.

वॉर्डातली ताई: नाही. तिला एकटीला बसवून विचारायचं, तुला हे हवंय का? सासू शेजारी नको.

हळदकट्टा: एक मनापासून विचारतो, ताई. उपचार म्हणजे आतली बाकीची माणसं पुसून टाकणं का? माझी खरी भीती ती आहे.

मिरजेची सून: तशी सक्ती नाही. यावर नेमकं असं औषध नाही, गोळ्या झोपेसाठी आणि उदासीसाठी. बाकी बोलणं, वर्षानुवर्षं. काही जणांच्यात सगळी मिळून एक होतात, काही जणांच्यात वेगळी राहूनही एकमेकांना धरून चालतात. जावेला डॉक्टरांनी कुणाला हाकलायला सांगितलेलं नाही. तिच्या आतल्या त्या लहान मुलीला अंधाराची भीती वाटते, म्हणून आम्ही पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू ठेवतो.

कुणाच्या घरी असं काही असेल तर मिरजेच्या शासकीय मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे. जाणं जमत नसेल तर 14416 वर फोन करा, टेलिमानस, सरकारी आणि मोफत आहे, मराठीत बोलतात.