उत्तर: उन्हाळ्यात हरणं दिवसभर पाण्यापाशीच असतात का?

वर एकांनी लिहिलंय की उन्हाळ्यात हरणं दिवसभर पाणवठ्यावरच सापडतात. ताडोब्यापुरतं सांगायचं तर थोडा फरक करावा लागेल. चितळाला रोज पाणी लागतं, त्यामुळे ते पाण्यापासून फार लांब जात नाही, हे खरं. पण पाण्याशी ते रेंगाळत नाही. कळप येतो, एकदोघं मान वर करून कानोसा घेत राहतात, बाकीचे पितात आणि निघतात. वाघ आणि रानकुत्री तिथेच टपून असतात, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं!

भर दुपारी चितळं सावलीत बसून रवंथ करतात. चरणं पहाटे आणि ऊन उतरल्यावर. गवत वाळलेलं असतं, मग मोहाची पडलेली फुलं, वानरांनी झाडावरून टाकलेला पाला, यावर भागतं. गंमत म्हणजे मध्य भारतात नरांचा माज (मिलनाचा काळ) याच दिवसांत असतो. एवढ्या उन्हात ओरडायची आणि झुंजायची हौस कुठून येते कोण जाणे.

सांबराची तऱ्हा वेगळी. ते मूळचं निशाचर, दिवसा दाट झाडीत किंवा ओढ्याकाठी दडून राहतं. पण पाणी दिसलं की थेट आत शिरतं, चिखलातही लोळतं.

चिंकारा मात्र पाण्यावाचून बरेच दिवस काढतो, पाल्यातल्या ओलाव्यावर आणि दवावर. अर्थात तो कुरंग (अँटिलोप) कुळातला, शिंगं न गाळणारा, दरवर्षी शिंगं गाळणाऱ्या चितळ-सांबरांच्या घरातला नव्हे.